तेलात ठेवलेले वायसर

धनजी नाक्यावर मन्सूर होडेकरचं दुकान म्हणजे तीन फळ्या आणि एक छप्पर. त्या छपराखाली गॅसबत्त्या अशा टांगलेल्या असायच्या की लांबून बघणाऱ्याला वाटावं, वटवाघळं पाय वर करून झोपलीत. तेलाच्या टाक्या राखेनं घासून पितळ सोन्यासारखं केलेलं, काचा पुसलेल्या, प्रत्येक बत्तीच्या मुठीला रंगीत दोरा बांधलेला. लाल दोऱ्याची बत्ती लग्नाची, हिरव्याची उरुसाची, पिवळ्याची देवळातल्या नाटकाची. सगळ्या बत्त्या एकाच जातीच्या, तरी मन्सूर त्यांची अदलाबदल करायचा नाही. "नाटकाच्या बत्तीला टाळी आयकायची सवय असता," म्हणायचा. "लग्नात नेलंव तर रुसंल."

पंचावन्न सालापर्यंत रत्नागिरीत विजेचे खांब काही रस्त्यांवर उभे राहिले होते, पण गावाबाहेर पडलं की मन्सूरचंच राज्य. आणि त्या राज्यातली त्याची सगळ्यात लाडकी जागा म्हणजे मिरजोळं. शिमगा सरला की मिरजोळ्याच्या देवळापुढच्या मांडवात गावचे हौशी लोक पौराणिक नाटक करायचे. सतरा वर्षं त्या मांडवाला मन्सूरच्याच बत्त्या.

तिथे एक रीत होती. नाटक सुरू होताना पहिला नारळ देवाला, दुसरा पेटीवाल्याला. पण शेवटचा पडदा पडला की गावचे वडीलधारे आप्पा सगळ्यांसमोर उभे राहायचे आणि विचारायचे, "बत्ती पडली का?" लोक ओरडायचे, "नाय पडली!" मग पानसुपारीचा विडा मन्सूरच्या हातात. यात पैशाचा संबंध नव्हता, भाडं वेगळं. हा बत्तीचा मान. खेळ चालू असताना एक जरी बत्ती विझली तर मान नाही, हा नियम. सतरा विडे मन्सूरनं घेतले होते. रिवाज असा की तिथे खायचा नाही, घरी न्यायचा. घरी तो रहिमाला द्यायचा. ती अर्धा मोडून त्याला द्यायची आणि अर्धा स्वतः खायची. मूलबाळ नव्हतं. त्या दोघांची ईद, दिवाळी, जे काय म्हणाल ते त्या अर्ध्या अर्ध्या विड्यात.

मन्सूर तरुणपणी बोटीवर होता, इंजिनाच्या खोलीत तेलवाला. तिथं एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्याला एकच विद्या दिली होती. दोन लोखंडं एकमेकांवर कितीही आवळ, मधे काहीतरी मऊ पाहिजेच, नाही तर गळणार. पण ते मऊ कुठलं, हे आत काय वाहतं त्यावर ठरतं. पाणी असेल तर रबर. तेल असेल तर कातडं. वाफ असेल तर आणखी तिसरंच. "ज्याला जे सोसतं त्याच्या शेजारी ते ठेव," मिस्त्री म्हणायचा. बोट सुटली, पण ही विद्या मन्सूरनं गॅसबत्तीत आणली. बत्तीच्या टाकीत घासलेट भरायचं, पंपाचा दट्ट्या मारून हवा कोंडायची. त्या दाबानं घासलेट वर चढतं आणि जाळी पांढरी शुभ्र पेटते. सगळा खेळ कोंडलेल्या हवेचा. आणि ती हवा धरून कोण ठेवतं? टाकीच्या झाकणाखाली बसवलेला, मधे भोक असलेला रुपयाएवढा गोल वायसर. तो नीट असेपर्यंत राजा राजा असतो. तो गेला की राजवाड्यात अंधार.

पंपातल्या कातडी वायसरांचं काम रहिमाकडे होतं. एक पत्र्याचा डबा, त्यात खोबरेल तेल, त्यात कातडी वायसर भिजत पडलेले. तेल प्यायलेलं कातडं मऊ राहतं, हवा सोडत नाही. रहिमा आपल्या केसांना लावायचं मेथ्या घालून कढवलेलं तेलच त्या डब्यात ओतायची. मन्सूरनं एकदा हटकलं होतं, "अगो, बत्तीला कशाक मेथ्या?" ती म्हणाली होती, "माझ्या केसांनी काय घोडा मारलान? जां मना चांगला, तां तुमच्या बत्तीला पन चांगला." 

पंचावन्नच्या माघात झाकणाखालचे जुने शिशाचे वायसर पार चपटे झाले. नवे मिळेनात. लांज्याच्या एका लॉरीवाल्यानं चाकाची फुटकी ट्यूब दिली. मन्सूरनं तिचे बारा गोल कापले. घासलेटाच्या संगतीत रबर फार दिवस टिकत नाही हे त्याला ठाऊक होतं, पण नवं रबर एका रात्रीपुरतं उत्तम बसतं. मिरजोळ्याच्या खेळापुरते वापरू, मग बघू, असा त्याचा हिशेब. कापून त्यानं ते फळीवर ठेवले आणि त्याच दिवशी हिवतापानं त्याला आडवं केलं.

तीन आठवडे. रहिमानं त्या तीन आठवड्यांत घर सांभाळलं, दुकानाच्या फळ्या उघडल्या, काचा पुसल्या, पेज करून भरवली. आणि एका दुपारी फळीवरचे ते बारा काळे गोल तिच्या नजरेला पडले. सुकेच पडलेत बिचारे. यांनाही कुणी विचारलं नाही. तिनं डबा उघडला आणि पापड तळणीत सोडावेत तसे एकेक करून ते तेलात सोडले.

मन्सूर उठला तेव्हा खेळाला दोन दिवस उरले होते. रहिमानं वायसर बाहेर काढून, फडक्यानं पुसून, चटईवर ओळीनं मांडून ठेवले होते.

"बघा," ती म्हणाली, "नव्यासारखे करून ठेवलेव."

खरंच ते नव्यापेक्षा नवे दिसत होते. काळेभोर, चकचकीत, अंगानं जरा भरलेले. मन्सूर हसला. धूळ पुसून ठेवली असेल असं त्याला वाटलं. त्यानं विचारलं नाही. झाकणं आवळताना ती नेहमीपेक्षा जड गेली. त्याला वाटलं, तापानं मनगटातला जोर गेला.

त्या वर्षी रहिमा पहिल्यांदाच मिरजोळ्याला यायला निघाली. सतरा विडे खाल्ले, पण ज्या मांडवातून ते आले तो मांडव तिनं पाहिला नव्हता. गंगाराम पाडाव्याची बायको सावित्री बाजाराला आली होती, तिनं हट्टच धरला. "भाबी, यंदा तुमी माझ्या शेजारी बसायचा. आमचो घोव राणी झालेलो बघा तरी. माज्यापेक्षा ठुमकत चालता!"

गंगाराम म्हणजे नाटकमंडळीचा सूत्रधार, मालक आणि गेली वीस वर्षं राणी. दिवसा भाताची मळणी काढणारा, छातीनं ऐसपैस माणूस. पण एकदा नऊवारी नेसून, नथ घालून उभा राहिला की गावच्या म्हाताऱ्यासुद्धा पदर सावरून बसायच्या. मन्सूरचा तो जीवाभावाचा दोस्त.

बैलगाडीतून पेंढ्यात गुंडाळलेल्या सहा बत्त्या आल्या. दिवस मावळताना मन्सूरनं चार पेटवल्या, दोन पुढे कडेला, दोन वर आडव्या वाशाला. दोन शिलकी बत्त्या पडद्यामागे. जाळ्या सूं सूं करायला लागल्या. मांडव उजळला तसा बायकांच्या बाजूनं एक सुस्कारा आला, आणि त्यात रहिमाचा कोणता हे मन्सूरला न बघता कळलं.

पडद्यामागे गंगाराम आरशापुढे बसून गालाला रंग फासत होता.

"मन्सूरभाय, भाबी आल्यात म्हणं. आज माज्या नथीवर उजेड नीट पडू दे हां."

"तुजी नथ दिसली तर मिशी पन दिसंल, गंगाराम. सांभाळून."

"मेल्या, सकाळीच तासलीय!"

पहिला अंक झकास झाला. राजा झालेल्या रावजीनं दोन वाक्यं गिळली, पण ती तो दर वर्षी गिळायचा, लोकांनी ती पाठच करून ठेवली होती. दुसऱ्या अंकात राणी एकटीच महालात येते आणि वनात गेलेल्या मुलासाठी विलाप करते. गंगारामनं पदर तोंडाला लावला, पहिला हुंदका दिला, आणि उजव्या कडेची बत्ती पिवळी पडली.

मन्सूर वाकून पुढे गेला. पंप मारला. उजेड पांढरा झाला. तो मागे वळतोय तोवर पुन्हा पिवळा. त्यानं बोट थुंकीनं ओलं करून झाकणाच्या कडेवर फिरवलं. बुडबुडे. हवा सुटत होती. त्यानं झाकण आवळलं, जसं कोणीही आवळेल. आणि तिथेच घात झाला. झाकणाखालून काहीतरी काळं, लिबलिबीत, चुलीवर करपलेल्या गुळासारखं बाहेर आलं. फुस्स करून हवा गेली. बत्ती विझली.

मांडवाचा एक कोपरा काळा झाला. कोणीतरी मागून ओरडलं, "राणीसायेब, घासलेट संपला!"

हशा. आणि त्याच क्षणी वाशावरची एक बत्तीही पिवळी व्हायला लागली.

मन्सूर पडद्यामागे धावला. सतरा वर्षं. त्यानं शिलकी बत्ती उचलली, झाकण चाचपलं. तीही तशीच मऊ. सहाही बत्त्यांत त्याच ट्यूबचे वायसर.

रंगमंचावर गंगारामनं सगळं पाहिलं. वीस वर्षांची राणी ती, अंधाराला घाबरते होय! हुंदका तसाच गळ्यात धरून तिनं हात पसरले.

"अरे दिव्यांनो! तुम्हीसुद्धा माझ्या बाळाच्या शोधात वनात निघालात? जा, जा! पण जाताना एकेक जा रे, एकदम नका जाऊ!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. नाटकात हे वाक्य नव्हतं. पडद्याआड वळून तीच राणी दात ओठ खात पुटपुटली, "भाय, किती वेळ रडू?"

"भात शिजंल तेवढा."

"भात? मना कढीएवढाच रडू येता! बघ कायतरी!"

मन्सूरनं विझलेल्या बत्तीचं झाकण उघडलं. वायसर नखानं काढायला गेला तर तो ओल्या भाकरीसारखा तुटला. बोटं काळी, चिकट झाली. रबर असं कुजतं ते महिन्यांनी, एका संध्याकाळीत नव्हे. काय झालं याचा विचार करायला वेळ नव्हता. घासलेट आहे, म्हणजे कातडं पाहिजे. मिस्त्रीचा आवाज कानात आला. कातडं कुठून आणू? त्यानं इकडेतिकडे पाहिलं, आणि मग खाली पाहिलं.

त्यानं पायातली वहाण काढली. शिमग्याआधी नवीनच घेतलेली, रुंद पट्ट्याची. हत्यारांच्या थैलीतल्या कात्रीनं पट्टा कापला, थैलीतच पडलेल्या एका जुन्या शिशाच्या वायसरावर ठेवून गोल काढला, मधे भोक पाडलं. कातडं सुकं, कडक. तेल पाहिजे. रंग पुसायला ठेवलेली गंगारामची खोबरेल तेलाची बाटली आरशापाशी होती. त्यानं ती तळहातावर ओतली. साधं तेल, नुसत्या खोबऱ्याचा वास.

आणि तेव्हा त्याला कळलं. तळहाताला नुसत्या खोबऱ्याचा वास होता, पण त्या चिकट, काळ्या बोटांना मेथ्यांचा होता. घरात भिंतींना, उशीला, सगळ्यालाच तो वास असायचा, म्हणून तिथे जाणवला नव्हता. इथे घासलेट आणि रंगाच्या भपक्यात तो एकटाच उभा राहिला. रहिमाच्या केसांचा वास.

नव्यासारखे करून ठेवलेव.

 मग कात्री पुन्हा चालू झाली. दुसऱ्या वहाणेचा पट्टा गेला. चार गोल, तेल चोळलेले. बाहेर राणी रडत होती, दासीला बोलावत होती, देवाला दोष देत होती, रावजी राजाला वेळेआधीच मंचावर ओढून त्याच्याशी भांडत होती. एकेक बत्ती खाली आली, नवा वायसर बसला, वर गेली. शेवटची पेटली तेव्हा गंगारामचा आवाज पार बसला होता, आणि म्हातारे म्हणत होते, अशी राणी मिरजोळ्यानं पाहिली नाही.

पण बत्ती पडली होती. शेवटचा पडदा पडला, आप्पा काठी टेकत उभे राहिले आणि त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं. लोक गप्प राहिले. त्या गप्पपणातही माया होती, पण तो गप्पपणाच.

नथ हातात घेऊन गंगाराम पुढे आला. "आप्पा, सतरा वर्सां उजेड दिलान त्यानं. ट्यूब फुटकी दिली आसंल कोणी, घासलेटात भेसळ आसंल. भाय, बोल ना. कोणाची चूक?"

मन्सूरनं बायकांच्या बाजूला पाहिलं नाही. "माझी," तो म्हणाला. "वायसर मी कापले, मी बसवले. बघून बसवायला हवे होते."

आप्पांनी विडा देवापुढे ठेवला. मन्सूर अनवाणी खाली उतरला. रहिमानं आधी त्याचे पाय पाहिले, मग तोंड. बैलगाडीत ती एवढंच म्हणाली, "तापातून उठलाव ना. हात अजून कच्चे हायत तुमचे." तिच्या आवाजात अशी धास्ती होती की त्याला वाटलं, सांगून टाकावं. पण सांगितलं असतं तर ती धास्ती तिच्याच अंगावर गेली असती. त्यानं अनवाणी पाय पेंढ्यात खुपसले.

निघताना सावित्रीनं गाडीत एक कच्चा फणस टाकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी रहिमा भाजीसाठी तो घेऊन बसली. कोकणातली बाई फणसाला हात लावायच्या आधी जे करते ते तिनं केलं. दोन्ही हातांना, विळीच्या पात्याला खोबरेल तेल चोळलं. फणस चिरला, पांढरा चीक भळभळ वाहिला. थोडा मनगटावर उडून चिकटला. तिनं तेलाचं बोट लावून चोळला, चीक सैल होऊन निघाला.

मन्सूर ओट्यावर बसून बाकीची झाकणं उघडत होता. वायसर काढून केळीच्या पानावर टाकत होता. रहिमाची नजर तिकडे गेली.

"आवो, ह्यो रबर कशाचा करतात?"

त्यानं हातातलं झाकण खाली ठेवलं. "झाडाचा. मलायाला बोट लागली तेवा बघितलेला. झाडाला चीर मारतात, खाली करवंटी बांधतात, चीक गळता. तो सुकवला की रबर."

रहिमाचे हात थांबले. तिनं आपल्या तेलकट मनगटाकडे पाहिलं, मग पानावरच्या काळ्या लगद्याकडे. उठली, फळीवरचा डबा काढला. तळाशी एक वायसर राहून गेला होता. तिनं तो दोन बोटांत धरून दाबला. तो पसरला.



"म्हनजे काल ती चूक माझी होती."

"नाय."

"तुमाला ठावूक होता. मांडवातच ठावूक होता."

"रहिमा, तू चांगल्या मनानं..."

"गप ऱ्हवा." तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढला. "सगळ्या गावापुढं माझी चूक तुमी डोक्यावर घेतलाव, आनि मना वाटला माझा मानूस म्हातारा झाला! रातभर मी अल्लाजवळ तुमच्या हातांसाठी दुवा मागली!"

मन्सूरनं मान खाली घातली. मग तिनं डबा दणकन खाली ठेवला.

"पन नाय. चूक तुमचीच हाय. सतरा वर्सां मी ह्या डब्यात वायसर घालतेय. कातडा तेलात ठेव, येवढाच सांगितलाव. का ठेव, तां कधी सांगितलाव? रबर म्हनजे चीक, येवढा बोलला असताव, तर मी तेल त्याच्या शेजारी तरी नेला असता काय? दहा वर्सांची पोर फणस चिरायला बसते तिला पन कळता, चिकाचा वैरी तेल!"

मन्सूर तिच्याकडे बघतच राहिला. काल मांडवात तो बायकोसाठी जे खोटं बोलला होता, ते बघता बघता खरं झालं होतं. बोटीवरच्या मिस्त्रीला कधी सुचलं नाही ते विळीवर बसलेल्या बाईनं एका फणसात सांगितलं होतं. त्याला हसू फुटलं. आधी ओठात, मग पोटात, तापानं खंगलेल्या बरगड्या दुखेपर्यंत.

"हसताव काय?"

"चूक माझी," तो म्हणाला. "आता खरोखर माझी."

त्या दिवशी दुकान उघडलं नाही. फणसाची भाजी खाऊन दोघं ओट्यावर बसली आणि मन्सूरनं बोटीवर शिकलेलं सगळं पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. पाण्याला काय, तेलाला काय, वाफेला काय. रहिमा मधे मधे स्वतःचं घालत होती, बरणीचं लोणचं, तिच्या तोंडावर बांधायचं दादऱ्याचं फडकं, मातीचं झाकण आणि कणकेचा लेप. संध्याकाळी तिनं दुसरा डबा काढला, त्यात शंखजिऱ्याची मऊ, कोरडी पूड घातली, तेलाचा थेंब नाही. रबर आलंच कधी तर ते या डब्यात. झाकणावर ओळखायला पांढरा दोरा बांधला.

पुढल्या शिमग्याला मिरजोळ्याला निघायच्या आधी सहाही झाकणं रहिमानं उघडायला लावली. प्रत्येक वायसर बोटांत दाबला, वास घेतला, मगच होकार दिला. मांडवात ती सावित्रीशेजारी बसली, पण नाटक कमी आणि बत्त्याच जास्त बघत होती. राणी रडली, राजानं त्याची ती दोन वाक्यं गिळली, एकही जाळी पिवळी पडली नाही.

आप्पांनी विचारलं. "नाय पडली!" मांडव गरजला. विडा मन्सूरच्या हातात आला. यंदा त्यानं तो कमरेला खोचला नाही. गंगारामच्या हातावर ठेवला आणि बायकांच्या बाजूला बोट केलं. लुगड्याचे ओचे सावरत, नथ हलवत राणी स्वतः खाली उतरली. रिवाज मोडत होता, पण आप्पा काठीवर हनुवटी टेकून बघत राहिले.

"भाबी, बत्तीचो मान."

रहिमानं पदर पुढे ओढला, विडा घेतला, सगळ्यांसमोर तो मधोमध मोडला. एक तुकडा तिनं तोंडात घातला. दुसरा राणीच्या तळहातावर परत ठेवला.

"ह्यो त्यांना द्या," ती म्हणाली. "आनि सांगा, यंदा नवीन वहाना शाबूत हायत, त्या घालून घरी या."